टाकलेला वसा

आटपाट नगर होतं. नगराचं नाव लिनक्स. तिथं राजा म्हणून कुणी नव्हता, सगळा कारभार एका कारभाऱ्याच्या हाती होता. त्याला कर्नल म्हणत. नगरातल्या प्रत्येक प्रोग्रामला मेमरी नेमून द्यायची, एकाची मेमरी दुसऱ्याच्या नजरेस पडू द्यायची नाही, ज्याला जिथं लिहायची मुभा नाही तिथं त्याचा हात पोचू द्यायचा नाही, ही त्याची कामं. मेमरी तो पानांच्या हिशेबानं वाटायचा, साधारणपणे एक पान 4096 बाइटचं. कोणाला कुठलं पान दिलंय आणि त्यावर फक्त वाचायची परवानगी आहे की लिहायचीही, हे प्रत्येकाच्या नावे एका तक्त्यात टिपलेलं असायचं.

कारभारी हात राखून खर्च करणारा. शंभर प्रोग्रामांनी एकच फाइल उघडली तरी ती मेमरीत एकदाच आणायची आणि शंभरांना तीच पानं दाखवायची, अशी त्याची रीत. एखादा म्हणायचा, "कारभारी, ही फाइल मला खासगीत द्या. मी माझ्यापुरती खाडाखोड करीन, मूळ फाइलला धक्का लागायला नको." कारभारी हो म्हणायचा, पण नक्कल काही लगेच काढायचा नाही. तलाठी मूळ दप्तर कुणाच्या हाती देत नाही, उतारा देतो. आपला कारभारी उताऱ्याचाही कागद वाचवायचा. जोवर समोरचा नुसतं वाचतोय तोवर मूळ पानच त्याच्यापुढे धरायचं, आणि त्यानं लेखणी टेकवली रे टेकवली की त्याच क्षणी नक्कल काढून ती पुढे सरकवायची. समोरच्याला पत्ताही लागत नसे. या युक्तीला त्या नगरात कॉपी-ऑन-राइट म्हणत, थोडक्यात काऊ.

युक्ती जुनी आणि फार गुणाची. तिच्याशिवाय आज एकही मोठा सर्व्हर उभा राहणार नाही. पण तिला एक वसा लागतो. समोरचा लिहायला आलाय, हे त्याचं काम पुरं होईपर्यंत विसरायचं नाही. तो वाचायला आला असं एकदा जरी समजून चाललं, तरी मूळ पान त्याच्या हाती पडेल. बस्स, एवढाच वसा. कारभाऱ्याच्या वहीत त्यासाठी एक फ्लॅग होता, फॉल-राइट नावाचा. तो लावलेला असला म्हणजे "हा लिहायला आलेला आहे."

आता कुणी विचारील, की जी फाइल फक्त वाचायची आहे, ज्या भागात लिहायची परवानगीच नाही, तिथं कारभारी कुणाला लिहू देतोच कशाला? त्याला कारण होतं. प्रोग्राममधल्या चुका शोधणारी एक जमात असते, डीबगर. चालत्या प्रोग्रामला अमुक ओळीवर थांबवायचं तर डीबगरला त्या प्रोग्रामच्या कोडमध्ये एक खूण पेरावी लागते, आणि कोड तर नेहमी वाचण्यापुरताच उघडा ठेवलेला. म्हणून डीबगरसाठी कारभाऱ्यानं एक मागचं दार ठेवलं होतं. त्या दारानं सक्तीनं लिहिता येई, मात्र ते खासगी नकलेवरच. मूळ फाइलवरचा शब्द हलत नसे. दार रास्त कारणासाठी होतं, हे मुद्दाम सांगतो, कारण गोष्ट कळली की लोक पहिल्यांदा त्या दारालाच शिव्या घालतात.

मागच्या दारानं कुणी आला की कारभारी काय करायचा, ते नीट पाहू. पहिली फेरी. तक्त्यात पान शोधलं, नाही मिळालं. मग तो कोठीत गेला, आणि समोरचा लिहायला आलाय हे ध्यानात ठेवून मूळ पानाची नक्कल काढून आणली, तक्त्यात नोंदवली. दुसरी फेरी. पुन्हा तक्ता पाहिला. नक्कल आहे, पण तिच्यापुढे "फक्त वाचण्यासाठी" असं लिहिलेलं, कारण तो भागच मुळात वाचण्यापुरता. फॉल-राइट म्हणतो लिहायचंय, तक्ता म्हणतो लिहिता येणार नाही. पुन्हा कोठीत गेला. कोठीतून उत्तर आलं, "नक्कल काढून झाली आहे, आणखी काही करायचं नाही." तिसरी फेरी. तक्ता पुन्हा तेच म्हणतो. पुन्हा कोठी, पुन्हा तेच उत्तर. अशानं कारभारी जन्मभर फेऱ्या मारत राहील.

यावर त्यानं जो उपाय काढला तो दिसायला अगदी साधा होता. कोठीतून "नक्कल झाली" असं कळलं की तो फॉल-राइट खोडून टाकायचा. आता हा वाचायला आलाय असं धरायचं, म्हणजे तक्त्याशी भांडण मिटलं. नक्कल तर आपणच आत्ता आणून ठेवली आहे, तीच हाती येईल, तिच्यावर लिहू. तर्क चुकीचा नव्हता. फक्त खोडणं आणि पुन्हा तक्ता पाहणं यांच्यामध्ये जो एक श्वास होता, तेवढ्यात जगात काहीच बदलणार नाही, असं त्यात गृहीत धरलं होतं.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असंही नाही. नगराचा मूळपुरुष लिनस टॉरवाल्ड्स. त्यानं 2005 च्या ऑगस्टमध्ये ही फट पाहिली आणि बुजवायला घेतली. त्याचा विचार असा, की परवानगीकडे पाहूच नये, पान "मळलेलं" आहे का ते पाहावं. प्रत्येक पानाच्या नोंदीत डर्टी नावाचा एक बिट असतो; पानावर लिहिलं गेलं की तो लागतो. नक्कल काढली की तो लावलेला असतो, म्हणून डर्टी असेल तर ती नक्कलच. छान. पण लिनक्स काही एकाच जातीच्या यंत्रावर राहत नव्हतं. आयबीएमची मोठी मेनफ्रेम यंत्रं होती, एस-390 घराण्यातली. त्यांच्या तक्त्यात डर्टी बिटाला जागाच नव्हती. पान मळलं की नाही हे ती यंत्रं खुद्द मेमरीच्या पानामागे, एका वेगळ्या किल्लीत लिहून ठेवायची. तक्त्याला विचारलं तर उत्तर कायम "नाही". म्हणजे तिथं कारभारी पुन्हा जन्मभराच्या फेऱ्यांत अडकणार. काही दिवसांतच टॉरवाल्ड्सची दुरुस्ती मागं घेतली गेली, आणि त्या जागी कोठीकडून येणारं "पुरं काम झालं" असं उत्तर बसवलं गेलं. ते आलं की फॉल-राइटचा आग्रह सोडायचा. वसा टाकायची रीत परत आली, आता अधिक नीटनेटकी होऊन.

त्या वेळी हे चालण्याजोगं होतं, हेही कबूल करायला हवं. फट होती, पण तिच्यातून जाणार कोण? एकाच प्रोग्रामचे दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे दोन धागे, नेमके त्या एका श्वासात भिडायला हवेत. सैद्धांतिक गोष्ट. मला या शब्दाची जरा भीतीच वाटते. "सैद्धांतिक" म्हणताना माणूस आजच्या यंत्राचा वेग, आजची गर्दी, आजची दारं धरून बोलत असतो, आणि लिहिलेला कोड मात्र पंधरा-वीस वर्षं तसाच राहतो.

पुढं दोन चांगल्या गोष्टी घडल्या.

पहिली 2007 सालची, 2.6.22 या आवृत्तीतली. प्रत्येक प्रोग्रामच्या मेमरीचा एक नकाशा असतो आणि त्या नकाशाला एक लॉक असतो. नकाशा बदलायचा तर एकट्यानं आत जायचं, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. नुसता पाहायचा तर कितीही जणांनी एकदम आत यावं. प्रोग्राम कधी कधी कारभाऱ्याला सल्ला देतो, "एवढी पानं मला आता नकोत, टाकून दिली तरी चालतील." ही सोय म्हणजे एमअ‍ॅडव्हाइज. तोवर असा सल्ला द्यायला एकट्यानं आत जावं लागे. कुणीतरी विचार केला, की पानं टाकून दिल्यानं नकाशाच्या हद्दी काही हलत नाहीत, मग सगळ्यांना बाहेर का थांबवायचं? पाहणाऱ्यांच्या रांगेतूनच जाऊ दे. बहुथ्रेडी प्रोग्राम त्यामुळं वेगानं चालू लागले. विचार बरोबर होता. पण त्या दिवसापासून पानं टाकून देणारा आणि मागच्या दारानं लिहिणारा, दोघं एकाच वेळी आत असू शकत होते.

दुसरी 2011 सालची, 2.6.39 मधली. प्रत्येक प्रोग्रामची मेमरी एका फाइलसारखी समोर दिसावी अशी सोय नगरात होती, प्रॉक-सेल्फ-मेम नावाची. पूर्वी तिच्यातून वाचता येई, लिहिणं बंद होतं. ते सुरू झालं. डीबगरवाल्यांची सोय झाली. आणि मागच्या दाराशी जायला एक सरळ, डांबरी रस्ता झाला.

रेस कंडिशन, म्हणजे दोन कामांच्या वेळेची अशी शर्यत, म्हटलं की कुणीतरी लॉक लावायला विसरलं असणार, असं आपण धरून चालतो. इथं लॉक लावायला कुणीच विसरलं नव्हतं. लिहिणारा लॉक घेऊन आत होता, टाकणारा लॉक घेऊन आत होता, दोघांचंही वागणं नियमाला धरून. तो लॉक नकाशाच्या हद्दी राखत होता, आणि धोका होता तो कारभाऱ्याच्या मनातल्या एका समजुतीला. समजुतीला कुणी लॉक लावलेला नव्हता.

मग एक लबाड प्रोग्राम आला. तो कुठल्या गावचा, कुणी पाठवला, ते अजून कळलेलं नाही. त्याच्याकडे ना अधिकार ना ओळख. साधा, तळच्या पायरीवरचा वापरकर्ता. त्यानं नगराची एक फाइल निवडली, जी सगळ्यांना वाचता येते पण लिहायचा हक्क फक्त रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचा. समजा पासवर्डांची नोंदवही, किंवा रूटच्या अधिकारानं चालणारा एखादा छोटा प्रोग्राम. ती त्यानं खासगीत मागून घेतली. कारभाऱ्यानं दिली, वाचायला कुणाची ना आहे? मग त्यानं आपले दोन थ्रेड केले. एकाला सांगितलं, "तू प्रॉक-सेल्फ-मेममधून या पत्त्यावर लिहीत राहा." दुसऱ्याला सांगितलं, "तू एमअ‍ॅडव्हाइज करून हे पान नको, हे पान नको, एवढंच म्हणत राहा." दोघं आपापल्या फेऱ्यांत लागले. लाखो वेळा.

लिहिणारा म्हणाला, "कारभारी, इथं लिहायचंय." फॉल-राइट लागला. कारभाऱ्यानं नक्कल काढली, तक्त्यात ठेवली, परत आला. तक्ता म्हणाला, लिहिता येणार नाही. कोठी म्हणाली, नक्कल झालेली आहे. कारभाऱ्यानं फॉल-राइट खोडला, आणि पुढच्या फेरीआधी रीतीप्रमाणं क्षणभर थांबला, कुणाला प्रोसेसर हवा असेल तर घेऊ दे म्हणून. हा सभ्यपणा नडला. त्या क्षणात टाकणारा म्हणाला, "हे पान नको." तक्त्यातली नक्कल गेली. खासगी नक्कल टाकायला सांगणं हा त्याचा हक्कच होता.

कारभारी परतला. तक्ता पाहिला, तर जागा रिकामी. घाबरण्यासारखं काही नाही, पानं येत-जात असतात. वहीत पाहिलं, समोरचा कशाला आलाय? वहीत लिहायचं काही नव्हतं, फ्लॅग खोडलेला. म्हणजे वाचायला आलाय. वाचणाऱ्यासाठी नक्कल कशाला? कारभाऱ्यानं मूळ पान उचललं, नगरातल्या सगळ्यांना दिसणारं तेच एकमेव पान, तक्त्यात लावलं, हाती घेतलं, आणि ज्या कामासाठी निघाला होता ते केलं. त्यावर लिहिलं.

पुढचं तर आणखी विचित्र. लिहून झाल्यावर त्यानं इमानदारीनं त्या पानावर "मळलं आहे" अशी खूण केली. मळलेली पानं सवडीनं डिस्कवर उतरवायची, ही नगराची रीत. तीही पाळली गेली. म्हणजे बदल मेमरीत राहून रीबूटबरोबर पुसला जायचा होता, तो कारभाऱ्यानं स्वतःच्या हातानं डिस्कवर पोचवला. लॉगमध्ये एकही ओळ उमटली नाही. उमटणार कशी, कुणीही एकही नियम मोडला नव्हता.

लाखो फेऱ्यांतल्या बहुतेक वाया जायच्या. लबाडाला एकच पुरेशी होती, आणि आजच्या यंत्रावर ती काही सेकंदांत मिळायची.

फिल ओएस्टर नावाचा एक जण होता, सर्व्हर सांभाळणारा. त्याची एक सवय होती: आपल्या सर्व्हरवर येणारी सगळी एचटीटीपी वाहतूक तो टिपून साठवत असे. पुष्कळांना हा जागेचा अपव्यय वाटेल. त्याच्या एका सर्व्हरमध्ये कुणीतरी शिरलं, आणि लॉगनं तोंड उघडलं नाही तेव्हा त्यानं आपली साठवण उपसली. तिच्यात आत पाठवलेला तो लबाड प्रोग्राम सापडला. त्यानं तो चालवून पाहिला आणि चालतोय हे पाहून कर्नल सांभाळणाऱ्यांना कळवलं. टॉरवाल्ड्सनं 13 ऑक्टोबर 2016 या तारखेची दुरुस्ती लिहिली, आणि 19 तारखेला बातमी जगजाहीर झाली. दोषांच्या जाहीर यादीतला तिचा क्रमांक सीव्हीई-2016-5195. लोकांनी नाव ठेवलं डर्टी काऊ.

दुरुस्तीबरोबरचं टिपण वाचण्याजोगं आहे. हा फार जुना दोष असून अकरा वर्षांपूर्वी आपणच तो बुजवायचा प्रयत्न केला होता आणि तो नीट जमला नव्हता, असं टॉरवाल्ड्सनं त्यात सरळ लिहिलंय. एस-390 मुळं तेव्हा माघार घ्यावी लागली, त्या यंत्रांची अडचण दरम्यान दूर झाली हेही लिहिलंय, 3.9 या आवृत्तीत त्यांनाही सॉफ्टवेअरमधून डर्टी बिट मिळाला होता. त्या आवृत्तीचं साल 2013. म्हणजे माघारीचं कारण संपल्यावरही तीनेक वर्षं ती माघार तशीच होती. अडचण गेली की आडवाटही बंद करायची असते, पण ते काम कुणाच्याच यादीत नसतं. आणि जी शर्यत तेव्हा निव्वळ सैद्धांतिक होती, ती मेमरीचा कारभार अधिक समांतर झाल्यामुळं आता सहज घडवता येते, हेही त्यात आहे.

उपाय काय केला? फॉल-राइट खोडायचं बंद. समोरचा लिहायला आलाय तर शेवटपर्यंत लिहायलाच आलाय. "नक्कल काढून झाली" हे सांगायला वेगळा फ्लॅग आणला, फॉल-काऊ. आणि त्या फ्लॅगवरही आंधळा विश्वास नाही: तक्ता पुन्हा पाहताना फॉल-काऊ लागलेला असेल आणि शिवाय पान डर्टी असेल, तरच ही आपली नक्कल समजायची. मधल्या श्वासात कुणी नक्कल पळवली तर मूळ पान स्वच्छ असणार, डर्टी बिट नसणार, मग पुन्हा नक्कल काढायची. मला ही दुरुस्ती आवडते. दोन वेगळ्या गोष्टी, म्हणजे काय करायचंय आणि काय झालंय, आधी एकाच फ्लॅगवर लादलेल्या होत्या. त्या सोडवल्या.

इथं कहाणी सुफळ संपूर्ण व्हायला हवी होती.

पहिली गोष्ट, दुरुस्ती लिहिली म्हणून ती घरोघर पोचत नाही. अँड्रॉइडच्या पोटातही हाच कारभारी आहे, आणि फोन बनवणारे जुन्या फोनांकडे किती पाहतात ते आपल्याला ठाऊक आहे. 2017 च्या सप्टेंबरमध्ये ट्रेंड मायक्रो या कंपनीनं झेडएनआययू नावाच्या मालवेअरची माहिती दिली. ते डर्टी काऊ वापरून फोनचा ताबा घ्यायचं आणि चीनमध्ये गुपचूप पैशांचे एसएमएस पाठवायचं. चाळीसहून जास्त देशांत ते सापडलं, आणि बळी पडलेल्यांत सर्वाधिक होते चीनमधले आणि भारतातले. कारभाऱ्याची चूक दुरुस्त होऊन तोवर जवळपास वर्ष लोटलं होतं.

दुसरी गोष्ट अधिक खोलवरची. नव्या वशाला साक्षीदार म्हणून डर्टी बिट उभा केला होता. डर्टी असेल तर नक्कलच असणार, हे साध्या पानांच्या बाबतीत खरं होतं. पण नगरात मोठी पानंही होती, एकेक 2 एमबीचं, ह्यूज पेज. तीच युक्ती त्यांच्याही कोडमध्ये नेऊन बसवली गेली. आणि तिथं एक जुना, निरुपद्रवी वाटणारा कोपरा होता: मोठ्या पानाला नुसता हात लागला, वाचायला का होईना, तरी तो कोड डर्टी बिट लावून मोकळा व्हायचा. शेजारीच टिपण लिहिलेलं, की खरं तर लिहिणाऱ्यासाठीच हा बिट लावायला हवा, पण सध्या त्याला काही अर्थ नाही. सध्या! ज्यानं ते लिहिलं त्याच्या काळी ते खरंच होतं. पुढं त्या बिटाला अर्थ आला, आणि तो देणाऱ्यांना हे टिपण आठवलं नाही. 2017 च्या नोव्हेंबरअखेर बाइंडेसी या इस्रायली कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की साक्षीदार फितवता येतो. आधी मोठं पान वाचून डर्टी करून ठेवायचं, मग जुनाच खेळ खेळायचा. सगळ्या प्रोग्रामांना मिळून एकच असं शून्यांनी भरलेलं मोठं पान असतं, त्यावर लिहिता येत होतं. डिस्कवरच्या साध्या फाइलींना या वेळी धोका नव्हता, एवढं बरं. सीव्हीई-2017-1000405.

साक्षीदाराची एवढी उलटतपासणी झाल्यावर तरी? नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड हिल्डनब्रँडनं, हा स्वतः कर्नलच्या मेमरीचा कारभार पाहणारा माणूस, आणखी एक वाट दाखवली. 5.16 मध्ये एका भलत्याच सोयीसाठी, सामायिक मेमरीची पानं तक्त्यात लावताना डर्टी बिट बिनशर्त लावायला सुरुवात झाली होती. ज्यानं ते केलं त्याला आपल्या कामापुरतं ते योग्यच होतं. पण तिकडे, भलत्याच फाइलीत, कुणीतरी "डर्टी म्हणजे नक्कल" या विश्वासावर नगराची राखण करत बसलंय, हे त्याला कोण सांगणार? मेमरीत राहणाऱ्या फाइलींवर पुन्हा तसंच लिहिता येऊ लागलं. सीव्हीई-2022-2590.

हिल्डनब्रँडनं या वेळी साक्षीदारच बदलला. फॉल-काऊ काढून टाकला, डर्टी बिटाला विचारायचंही बंद केलं. कारण मळणं ही पानाला बाहेरून लागणारी खूण. कुणीही, कुठल्याही कारणानं लावावी. त्याऐवजी पानालाच विचारायचं: तू कुठल्या फाइलीचं आहेस, की खासगी? खासगी असशील तर एकट्या याचंच, की कुणाशी वाटलेलं? ही दुसरी नोंद पानावर नीट ठेवायची सोय त्याच वर्षी 5.19 मध्ये, त्याच्याच हातून झाली होती. खासगी आणि एकट्याचं असेल तरच मागच्या दारानं आलेल्याला त्यावर लिहू द्यायचं. फाइलीचं मूळ पान कितीही मळलेलं असो, ते "मी खासगी" असं कधीच म्हणणार नाही, कारण ते खासगी नाहीच.

ते दोन थ्रेड आजही कुणी त्या नगरात सोडले तर चालतात. परवानग्या त्यांना तेव्हाच्याच आहेत. लिहिणारा म्हणतो लिहायचंय, टाकणारा म्हणतो पान नको. कारभारी नक्कल काढतो, टाकणारा ती टाकायला लावतो, कारभारी तक्त्याशी येतो, जागा रिकामी दिसते, वहीत फॉल-राइट जागेवरच असतो, तो पुन्हा नक्कल काढतो. कधी चार फेऱ्या जास्त होतात. मग एका फेरीत नक्कल जागेवर सापडते. तक्त्याच्या त्या ओळीचा छोटा लॉक हातात असतानाच, ज्याच्यासाठी टाकणाऱ्यालाही थांबावं लागतं, कारभारी पानाला ते दोन प्रश्न विचारतो, आणि लॉक सोडण्याआधी पान आपल्या हाती पक्कं धरतो. त्यानंतर टाकणारा खुशाल म्हणो, नको. तक्त्यातून नक्कल जाते, कारभाऱ्याच्या हातातून जात नाही. तो तिच्यावर सांगितलेली अक्षरं लिहितो, पकड सोडतो, आणि कुणाच्याच तक्त्यात नसलेली ती नक्कल अक्षरांसकट रद्दीत जाते.